खाडीत सहकुटुंब गरवायला जाताना: तिथी बघण्यापासून गळ मोजून घरी येईपर्यंत

तारकर्ली-देवबागला आलेली कितीतरी कुटुंबं कर्ली खाडीत गळ टाकायला जातात आणि दोन तासांत हिरमुसून परततात. मुलं कंटाळलेली, आजी उन्हाने थकलेली आणि बर्फाची पेटी रिकामी. ‘मासेच नव्हते’ असं कारण सांगितलं जातं. बहुतेक वेळा मासे असतात, होडी मात्र चुकीच्या वेळी सुटलेली असते. आधी खोली ठरते, मग नाश्त्याची वेळ, मग ‘दहाच्या सुमारास निघू’, आणि पाणी त्या वेळी चढतंय की उतरतंय हे कुणी विचारलेलंच नसतं.

हा क्रम उलटा केला की निम्म्या अडचणी संपतात. खाली उदाहरण कर्ली खाडीचं आहे. जयगड, विजयदुर्ग, तेरेखोल किंवा गोव्यातल्या शापोराच्या खाडीतही पायऱ्या याच राहतील, जागा तेवढ्या बदलतील. सगळं खाडीपुरतं आणि गाइडच्या होडीतून जाणाऱ्या कुटुंबासाठी लिहिलं आहे. खोल समुद्रातली मासेमारी हा वेगळा विषय आहे आणि लहान मुलं बरोबर असताना तो नकोच.

१. आधी तिथी, मग तारीख, मग खोली

हंगाम पहिल्यांदा बघा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते आणि प्रवासी होड्या व जलक्रीडा साधारण मेअखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत थांबवल्या जातात. सप्टेंबरात होड्या सुरू होतात, पण नदीचं गढूळ, गोडं पाणी अजून उतरत असतं. कुटुंबासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम: पाणी निवळलेलं आणि सकाळी हवा गार.

आता भरती. किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून ‘गेल्या वर्षी आठ वाजता गेलो होतो, मस्त मासे लागले’ या आठवणीचा काहीच उपयोग नाही. कोकणातला जुना हिशोब मात्र उपयोगी आहे. तिथीला पाऊणने गुणा, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. द्वादशीला १२ गुणिले पाऊण, म्हणजे ९ वाजता. पंचमीला पावणेचार. अष्टमीला ६. पौर्णिमा किंवा अमावास्येला सव्वाअकरा. हिशोब दोन्ही पक्षांना सारखाच लागतो. दुसरी भरती त्यानंतर साधारण १२ तास २५ मिनिटांनी, आणि मधली ओहोटी सव्वासहा तासांनी.

या हिशोबात तासाभराचा फरक पडू शकतो. तो तारीख निवडण्यापुरता वापरा. नक्की वेळ जवळच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा आणि गाइडला विचारून पक्की करा.

कोणती वेळ धरायची? मासा हलत्या पाण्यात खातो. भरती चढताना कोळंबी आणि बारीक मासे कांदळवनाच्या मुळांत शिरतात. पाणी उतरू लागलं की तेच सगळं लहान ओहोळांतून मुख्य प्रवाहाकडे ढकललं जातं, आणि तांबोसा, गोबरा, जिताडा हे शिकारी मासे अशा ओहोळांच्या तोंडाशी दबा धरून असतात. म्हणून भरती पूर्ण होण्याआधीचे दोन तास आणि ओहोटी लागल्यावरचा पहिला तास धरा. मधे पाणी स्थिर होतं तेव्हा काही लागत नाही. ती वीस-पंचवीस मिनिटं खाण्यासाठी ठेवा.

हे सगळं सकाळच्या गारव्यात बसवायचं असेल तर एकादशी ते त्रयोदशी हे दिवस सगळ्यांत सोयीचे. द्वादशीला सातला होडी सुटली, नऊला भरती पूर्ण झाली, दहाला परत जेटीवर. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला प्रवाह इतका ओढतो की नवख्याच्या गळाचं शिसं, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, तळाला टिकत नाही, शिवाय भरती ऐन उन्हात येते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराच्या भरतीला, पाणी जेमतेम हलतं, मासेही आळसावलेले असतात.

शनिवार-रविवारशिवाय सुटी मिळत नसेल तर पंचांग समोर घेऊन महिन्यातले सगळे शनिवार तपासा. एका शनिवारी पंचमी असली तर पुढचा शनिवार द्वादशीच्या आसपास येतो. पंचमीला पावणेचारची भरती धरून दुपारी पावणेदोन-दोनला निघता येतं. मात्र दुपारी खारे वारे जोर धरतात, त्यामुळे दुपारची फेरी खाडीत आत, आडोशालाच हवी. थंडीत सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो, त्याआधी जेटी गाठायची.

तपासा: तारीख, पूर्ण भरतीची वेळ आणि होडी सुटण्याची वेळ या तीन गोष्टी कागदावर आल्याशिवाय खोलीचे पैसे भरू नका.

२. गाइड निवडताना फोनवर काय विचारायचं

‘मासे मिळतील ना?’ हा प्रश्न पहिला विचारला जातो आणि त्याला काही अर्थ नाही. हमखास मिळतील असं जो सांगतो त्याच्याबद्दल मला तरी शंका वाटते. खालचे प्रश्न विचारा, याच क्रमाने.

होडीत किती जणांची परवानगी आहे? प्रवासी नेणाऱ्या होडीला महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना लागतो, आणि त्यावर प्रवासी संख्या लिहिलेली असते. ती संख्या पोहण्या-फिरण्याची आहे. गळ टाकायला त्याच्या निम्मी माणसं पुरे.

मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं आहेत का? ‘आहेत’ एवढ्यावर थांबू नका. मुलाचं वजन सांगा आणि त्या वजनाचं आहे का ते विचारा. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकून डोक्यावरून निघतं. नसेल तर स्वतःचं विकत घेऊन जा. या प्रवासातला तो सर्वांत योग्य खर्च आहे.

होडीवर चढायचं कुठून? जेटीवरून, की पाण्यात उतरून? ओहोटीला काही ठिकाणी गुडघाभर चिखलातून जावं लागतं. आजी-आजोबा बरोबर असतील तर हा प्रश्न परवान्याइतकाच महत्त्वाचा.

सावलीला छत आहे का? छत असलं की गळ मागून फेकता येत नाही, नसलं की ऊन. दोन-तीन तासांच्या सकाळच्या फेरीला अर्धं छत असलेली होडी बरी.

आमिष, गळ, बर्फ कुणाचा? दर तासाचा की फेरीचा? मिळालेले मासे कुणाचे? पाऊस-वाऱ्यामुळे फेरी रद्द झाली तर आगाऊ रकमेचं काय? हे फोनवरच बोलून घ्या. जेटीवर घासाघीस सुरू झाली की अर्धा तास जातो, आणि भरती थांबत नाही.

शेवटचा प्रश्न: ‘खाडीच्या मुखाबाहेर नेणार का?’ लहान मुलं आहेत हे कळल्यावरही जो ‘नेतो की’ म्हणेल, त्याला नकार द्या. मुखाशी वाळूचा दांडा असतो. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना समोरून लाट आली की ती तिथे उभी राहून फुटते. लांबून शांत दिसणारं ते पाणी लहान होडीला आडवं करू शकतं.

सावध: मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे गळ टाकायचा हट्ट धरू नका, आणि कुणी स्वतःहून नेत असेल तर स्पष्ट नाही म्हणा.

३. तुमच्याबद्दल गाइडला खरं सांगा

हा भाग लोक पूर्ण गाळतात. मुलांची वयं, कुणाला पोहता येत नाही, कुणाला होडी लागते, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला दमा आहे, हे आधी सांगा. त्यावर तो जागा ठरवतो. सहा वर्षांच्या मुलाला तांबोशासाठी तासभर एका जागी बसवणं हा त्या मुलावर अन्याय आहे. त्याला वाळूच्या उथळ तळावर न्यायचं, जिथे मुडदुशी पटापट लागतात. बारीक गळ, कोळंबीचा नखाएवढा तुकडा आणि दर पाच-दहा मिनिटांनी टोकाला टकटक. मुलांची आवड तिथे लागते. गाइडला सरळ सांगा: पहिला तास मुलांचा, मोठा मासा नंतर.

पाच वर्षांखालच्या मुलांना माझ्या मते या फेरीत नेऊ नये. गळ, पक्कड, काटेरी मासे आणि पाणी, चारही गोष्टींवर एकाच वेळी लक्ष ठेवणं आई-वडिलांना जमत नाही. त्यांच्यासाठी संध्याकाळी वेगळी अर्ध्या तासाची होडी करा.

देवबागजवळच्या सुनामी आयलंड या वाळूच्या बेटाच्या बाजूला दहानंतर जलक्रीडेच्या बोटींचा गोंगाट असतो. सुरुवातच वरच्या अंगाला, कांदळवनाच्या कडेने करायला सांगा.

४. सामान: थोडं, पण नेमकं

गाइडकडे बहुधा हातदोरीची गरी असते: तंगूस (नायलॉनची दोरी), शिसं आणि गळ. ती उत्तम चालते आणि मासा बोटाला थेट कळतो. एकच धोका आहे, दोरी हाताला गुंडाळायची नाही. मोठा मासा ओढला की तंगूस मांसात जातो. मुलांना मी रॉडच देईन.

रॉड साडेपाच ते सात फुटांचा, हलका. त्यावर मध्यम रील आणि दहा ते पंधरा पौंडांची दोरी. टोकाला हातभर लीडर, म्हणजे जाड दोरीचा तुकडा, वीस-तीस पौंडांचा, कारण खडकावरच्या कालवांची धार बारीक दोरी एका घासणीत कापते. मुडदुशीला बारीक गळ, तांबोशाला मोठा. मोठ्या माशासाठी वर्तुळाकार गळ मागा, म्हणजे ज्याचं टोक आत वळलेलं असतं तो. तो माशाच्या ओठाच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही. शिवाय नवख्याने चुकीच्या वेळी हिसका दिला तरी बिघडत नाही, उलट हिसका द्यायचाच नसतो.

मुलांच्या गळांची उलटी जीभ पकडीने दाबून सपाट करा. मासा क्वचित सुटेल, पण बोटात घुसलेला गळ सहज निघेल.

आमिष म्हणून जिवंत किंवा ताजी कोळंबी, आणि पेडव्याचे तुकडे. बाजारातली बर्फातली, मऊ पडलेली कोळंबी गळावर टिकत नाही.

अंगावर: पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, हनुवटीखाली बांधायची टोपी, आणि प्रत्येकाला चष्मा. चष्मा उन्हाइतकाच गळापासून डोळा वाचवायला. पायात पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल. पिशवीत माणशी एक लिटर पाणी, लिंबू, कोरडा खाऊ, मलमपट्टी, पक्कड, तार कापायचं कटर, आणि थर्मासमध्ये गरम पाणी. गरम पाणी कशाला ते आठव्या टप्प्यात येईल, पण ते विसरू नका.

५. आदल्या संध्याकाळी, किनाऱ्यावर

इथे अर्धा तास दिला तर होडीतला तास वाचतो. गळ काढून फक्त शिसं बांधा आणि वाळूवर मुलांना फेकायला लावा. डोक्यावरून सरळ पुढे. आडवं कधीच नाही, कारण होडीत आडव्या फेकीच्या वाटेत कुणाचा तरी चेहरा असतो. रीलची कडी उघडणं, दोरी बोटाने धरणं, फेकताना सोडणं, कडी बंद करणं, हे चार भाग हाताला सवयीचे होईपर्यंत करा.

मग ड्रॅग लावा. रीलवरची ही चकती घट्ट केली की दोरी सुटत नाही, सैल केली की मासा ओढेल तशी सुटते. नवखे ती पूर्ण आवळतात आणि पहिल्याच दमदार माशाला दोरी तुटते. एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली दोरीला बांधा आणि रॉडने हळू उचला. बाटली वर यायला हवी, पण वर हलका झटका दिला की दोरी सुटायला हवी. तिथेच ठेवा.

होडी लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची. पोट गरगरू लागल्यावर घेतलेली गोळी उशिराची. मुलांचा डोस स्वतः ठरवू नका. रात्री तेलकट जेवण नको. सकाळी अगदी उपाशीही नको, दोन घावणे किंवा थोडी पेज पुरे.

६. जेटीवर: निघण्याआधीची पाच मिनिटं

शौचालय. होडीत सोय नसते आणि तीन तास जायचे असतात. स्त्रिया आणि मुलं संकोचापोटी पाणीच पीत नाहीत, मग उन्हाने डोकं चढतं. जेटीजवळ किंवा गाइडच्या घरी सोय आहे का ते आदल्या दिवशीच विचारा, आणि निघण्यापूर्वी सगळ्यांनी जाऊन या.

लाइफ जॅकेट जेटीवरच घाला, होडीत चढल्यावर नव्हे. पट्टे आवळल्यावर खांद्याजवळ धरून वर ओढा. जॅकेट हनुवटीच्या वर येत असेल तर माप चुकलं. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असतो, तो लावा. पोहता येणाऱ्या मोठ्यांनीही घालायचं. मुलं तुमच्याकडे बघतात.

किनाऱ्यावर थांबणाऱ्या कुणाला तरी परतीची वेळ आणि गाइडचा नंबर देऊन ठेवा. फोनमध्ये तटरक्षक दलाचा १५५४, आपत्कालीन ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे नंबर असू द्या. फोन प्लास्टिकच्या बंद पिशवीत.

सावध: गाइड आकाश किंवा पाणी बघून ‘आज नको’ म्हणाला तर वाद घालू नका. त्याचा दिवसाचा रोजगार बुडत असतानाही तो नाही म्हणतोय. त्या ‘नको’मागे काहीतरी पाहिलेलं असतं.

७. होडीत: बसणं, फेकणं, थांबणं

जड माणसं मधे, मुलं मोठ्यांच्या मधोमध. होडी चालू असताना कुणी उभं राहायचं नाही. उलांडीची होडी (तोल राखायला बाजूला लाकडी ओंडका जोडलेली) असेल तर उलांडीच्या बाजूला दोरी जाऊ देऊ नका, गुंतली की मासा गेलाच.

एका वेळी दोनच रॉड पाण्यात. हा नियम मोडला की सगळी फेरी गुंते सोडवण्यात जाते. एक रॉड होडीच्या पुढच्या टोकाला, दुसरा मागच्या, आणि बाकीचे पाळी येईपर्यंत आमिष लावतील, हातजाळं धरतील. फेकण्याआधी मागे बघायचं आणि मोठ्याने ‘टाकतोय!’ म्हणायचं. मोठ्यांनीही.

नांगर टाकला की शिसं तळाला जाऊ द्या. दोरी सैल पडली म्हणजे तळ लागला. मग रीलचे दोन-तीन वेढे घेऊन दोरी ताठ करा. सैल दोरीत मासा कळत नाही. रॉड खाली ठेवून गप्पा मारू नका, एखादा मासा रॉडसकट घेऊन जातो.

आता सगळ्यांत जास्त चुकणारी गोष्ट. टोकाला टकटक झाली की नवखा माणूस जोरात हिसका देतो. ती टकटक म्हणजे मासा अजून आमिष चाचपतोय. हिसका दिला की कोळंबी त्याच्या तोंडातून निघते, आणि बऱ्याचदा तो तिथून निघून जातो. गाइड अशा वेळी ‘वायच थांब’ म्हणतो, आणि थांबायचंच असतं. टोक वाकून खाली गेलं आणि वाकलेलंच राहिलं, की मासा आमिष घेऊन निघाला. साध्या गळावर त्या वेळी रॉड एकदा ठामपणे वर उचला. वर्तुळाकार गळावर काहीच करू नका, फक्त सावकाश रील फिरवा, गळ आपोआप बसतो. मुडदुशीचं तोंड लहान, तिला हलका झटका पुरतो.

तांबोसा लागला की तो पहिल्या झेपेतच मुळांकडे किंवा खडकाच्या कपारीकडे धावतो. त्या पहिल्या दहा सेकंदांत रॉड उंच ठेवून त्याला कडेपासून दूर खेचायचं. त्यानंतर घाई नाही. मासा ओढतोय तेव्हा रील फिरवू नका, दोरीला पीळ बसतो. तो थांबला की रॉड वर उचला, खाली नेताना रील फिरवा, पुन्हा वर. मुलाच्या हातात रॉड असेल तर त्याच्या हातातून घेऊ नका. मागून कोपराला आधार द्या, बस. मासा सुटला तरी चालेल, पण तो त्याच्या हातून सुटू दे.

मासा होडीशी आला की दोरी धरून उचलायचा नाही. हातजाळं आधी पाण्यात, मग मासा जाळ्यावर, डोक्याच्या बाजूने.

तपासा: दहा मिनिटं काहीच नाही? आमिष बघा. शेंगाळे आणि खेकडे ते कधीच साफ करून गेलेले असतात. आमिष शाबूत आहे आणि तरी काही नाही, तर जागा बदलायला सांगा. एका जागी वीस मिनिटांपेक्षा जास्त नको.

८. माशाला हात लावण्याआधी ओळखा

या टप्प्यावर नियम एकच: गाइडने नाव सांगेपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

शेंगाळ्याच्या पाठीवर एक आणि कानाजवळ दोन्ही बाजूंना एकेक असे तीन ताठ, दातेरी काटे असतात. काटा रुतला की भयंकर ठणकतं. पाकटाच्या शेपटीवर विषारी काटा असतो. पाकट लागला तर दोरी कापून सोडून द्यायला सांगा. केंड फुगतो आणि मुलांना खेळावंसं वाटतं, पण त्याचे दात बोट चावू शकतात आणि त्याचं विष शिजवूनही जात नाही. तो खायचा नाही, मांजरालाही घालायचा नाही. गोबऱ्याच्या आणि तांबोशाच्या गलफडाची कड धारदार असते, तिथे बोटं घालू नका. तांबोशाला सुळे असतात.

शेंगाळ्याचा किंवा पाकटाचा काटा लागला तर जखम धुऊन तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. ही विषं उष्णतेने निकामी होतात आणि दुखणं लक्षणीय कमी होतं. पाणी आधी न दुखावलेल्या माणसाने हात घालून बघायचं, कारण ठणक्यात भाजल्याचं कळत नाही. थर्मास यासाठी. मग दवाखाना: काट्याचा तुकडा आत राहिलाय का ते बघायला आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी. छाती-पोटावर लागला, श्वास अडला किंवा चक्कर आली तर थेट रुग्णालय.

गळ बोटात खोल गेला आणि जीभ दाबलेली नसेल तर ओढू नका. दोरी कापा, गळ हलणार नाही असा झाका आणि डॉक्टरकडे जा. डोळ्याजवळ असेल तर स्पर्शही नको.

९. ठेवायचा की सोडायचा

हे होडीतच, मासा लागण्याआधी ठरवा. आज जेवायला किती लागणार तेवढेच ठेवायचे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्याचं किमान माप ठरवलं. ते मोठ्या मासेमारीसाठी आहे म्हणून आपण पिल्लं उचलायची, असं होत नाही. खाडीतला वीतभर तांबोसा हे पिल्लूच असतं. ही जात लहानपणी कांदळवनात वाढते आणि मोठी होऊन समुद्रात जाते. त्याला सोडा.

सोडायचा मासा पाण्यातच ठेवून गळ काढा. उचलावा लागला तर हात आधी ओले करा, कोरड्या हाताने किंवा टॉवेलाने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. फोटो घ्यायचा तर कॅमेरा आधी तयार, मग मासा वर, दहा सेकंद. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून धरा, तो स्वतः निसटेपर्यंत. गळ घशात उतरला असेल तर ओरबाडू नका, तोंडाजवळ दोरी कापा.

कासव, समुद्रघोडा, डॉल्फिन यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. कासव चुकून दोरीत अडकलं तर गाइडला सोडवू द्या, आणि फोटोसाठी वर घेऊ नका.

ठेवायचा मासा डोक्यावर एक घाव घालून लगेच मारा. तो उन्हात तडफडत ठेवणं क्रूर आहे, आणि मांसही मऊ पडतं. मग बर्फ आणि खाडीचं पाणी एकत्र केलेल्या पेटीत पूर्ण बुडवा. नुसत्या बर्फावर ठेवलेला मासा वरच्या बाजूने गरमच राहतो. मुलांना मारताना बघायचं नसेल तर बघायला लावू नका, विचारलं तर मात्र खरं सांगा.

१०. परत जेटीवर

ठरलेल्या वेळी परत. ‘अजून एकच’ म्हणत अर्धा तास वाढतो, ओहोटी खाली जाते, आणि जिथून सहज चढलात तिथे चिखल उघडा पडलेला असतो. शेवटचा अर्धा तास उरला की रॉड आवरायला घ्या.

तुटलेली दोरी पाण्यात टाकू नका. कांदळवनात अडकलेला तंगूस वर्षानुवर्षं कुजत नाही, त्यात बगळे आणि खंड्या अडकतात. मुलांना कामच द्या: प्रत्येक तुकडा डबीत गोळा करायचा.

पैसे ठरल्याप्रमाणे, आणि मासे मिळोत न मिळोत, पूर्ण. त्याने पाणी दाखवलं, वेळ दिला, तुमची मुलं सुखरूप परत आणली. वर काही द्यावंसं वाटलं तर होडीवरच्या मदतनिसाला वेगळं द्या.

मासे दुपारपर्यंत साफ करून घ्या, पोट त्याच दिवशी काढलंच पाहिजे. मुडदुशी मीठ-हळद-तिखट लावून रव्यात तळा. मुलांनी धरलेले मासे वेगळ्या ताटलीत ठेवा, ते त्यांना आवडेल.

रॉड आणि रील गोड्या पाण्याने धुवा, पण रीलवर पाण्याचा जोराचा फवारा नको, मीठ आत ढकललं जातं. ओलं कापड फिरवून सावलीत वाळवा आणि ड्रॅग सैल करून ठेवा. शेवटी गळ मोजा. जितके नेले तितके डबीत हवेत, नाहीतर मुलांना गाडीत बसवण्याआधी कपडे, चपला, टॉवेल आणि सीट हाताने नव्हे, टॉर्च लावून डोळ्यांनी तपासा.